बॅक प्रेशर इंजिनाला 'हवं' असतं?

'फ्री-फ्लो (धुराला कमी अडवणारा मोकळा एक्झॉस्ट) लावला की बॅक प्रेशर (बाहेर पडणाऱ्या धुराला होणारा उलटा दाब) जातं, पिकअप मरतो,' असं सर्रास ऐकू येतं. पिकअप जातो, हे खरं. कारण मात्र चुकीचं. बॅक प्रेशर इंजिनाला कधीच नको असतं. हवा असतो तो वायूचा वेग: वेगाने निघालेला धूर मागे कमी दाब सोडतो आणि सिलिंडर रिकामा करायला मदत करतो. बिनटर्बोच्या 2 लिटर गाडीत 2.25 इंची एक्झॉस्ट पाइप काढून 3 इंची टाकला, की आतलं क्षेत्रफळ जवळपास पावणेदोनपट होतं, वेग त्याच प्रमाणात घटतो, खालच्या आरपीएमचा (इंजिन हळू फिरतानाचा) टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, ढासळतो. टर्बोचं गणित वेगळं: तिथे धूर आधी टर्बाइन नावाचं चक्र फिरवतो आणि त्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबली जाते. टर्बाइननंतर वाट जितकी मोकळी तितकी बरी, तिथे 3 इंच चालतो. नुसता मागचा मफलर बदलून बहुधा आवाजच मिळतो (आणि पोलिसांची पावती!). कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) उडवला तर सहसा पी0420 कोड (कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याची गाडीच्या संगणकातली नोंद) येऊन चेक इंजिन दिवा लागतो.