'कृष्णवर्णीयांचे राज्य' होते तरी कोठे?

अमेरिकेतील यादवी युद्धानंतर पराभूत दक्षिणेवर कृष्णवर्णीयांचे भ्रष्ट राज्य लादले गेले, हा समज तेथील पाठ्यपुस्तकांतूनही अनेक दशके पसरवला गेला. तो खरा नाही. मूळ वाद वेगळाच होता. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या बंडखोरांना सढळ हाताने माफी दिली, त्या जोरावर दक्षिणेतील राज्यांनी मुक्त झालेल्या गुलामांना पुन्हा जखडणारे कायदे केले, आणि म्हणूनच काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, जॉन्सन यांचा नकाराधिकार धुडकावून १८६६ मध्ये नागरी हक्क कायदा व पुढील वर्षी कृष्णवर्णीय पुरुषांना दक्षिणेत मताधिकार देणारा पुनर्रचना कायदा मंजूर केला.

सत्ता मात्र बहुतांशी गोऱ्यांच्याच हाती राहिली. कृष्णवर्णीयांचे बहुमत एकट्या दक्षिण कॅरोलायनाच्या विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात होते. कृष्णवर्णीय गव्हर्नर, म्हणजे राज्याचा प्रमुख, तर त्या काळात कोठेच निवडून आला नाही. लुइझियानात कृष्णवर्णीय नेते पिंचबॅक यांनी १८७२च्या अखेरीस काही आठवडे ते पद सांभाळले, तेही हंगामी म्हणून. भ्रष्टाचार झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये ट्वीड हा गोरा राजकारणी आणि त्याची टोळी शहराची तिजोरी लुटत होती, आणि त्याचे खापर कोणी त्याच्या वर्णावर फोडले नाही. शिवाय ज्या सरकारांची एवढी बदनामी झाली, त्यांनीच दक्षिणेतील बहुतेक राज्यांत सार्वजनिक शाळांची पहिली राज्यव्यापी व्यवस्था उभी केली.