बांबूच्या बांधकामाची पार्श्वभूमी: आधी कीड, मग सांधा

बांबूच्या ताकदीबद्दल कुणाला शंका नव्हती. पक्क्या बांधकामापासून तो दूर राहिला तो कीड आणि सांधा या दोन अडचणींमुळे.

बांबूत पिष्टाचा साठा असतो आणि लाकडाच्या टिकाऊ गाभ्यासारखे स्वसंरक्षण त्याच्याकडे नसते. त्यामुळे कापून ठेवलेल्या बांबूला भुंगेरे लागतात आणि बारीक पीठ गळू लागते. प्रक्रिया न करता जमिनीत रोवलेला बांबू जेमतेम एक ते तीन वर्षे टिकतो. ओल्या लाकडातला रस ढकलून त्या जागी द्रावण भरण्याची बुशरी पद्धत एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये निघाली. पुढे तीच पंपाच्या दाबाने बांबूसाठी वापरात आली. द्रावण साधारण ५ टक्क्यांचे: वजनाने दीड भाग बोरॅक्स, एक भाग बोरिक ॲसिड. बांबू मात्र ताजा तोडलेला हवा. वाळला की वाहिन्या बंद होतात. सालीतून द्रावण आत जात नाही. शिवाय हे क्षार पावसात धुऊन जातात. म्हणून भिंतीबाहेर आलेले रुंद छप्पर आणि उंच जोते यांना पर्याय नाही.

काँक्रीटमध्ये सळईऐवजी बांबू घालण्याचे प्रयोगही झाले. अमेरिकेतील क्लेमसन येथे संशोधक ग्लेन यांनी १९५० मध्ये अशा प्रयोगांचा सविस्तर अहवाल दिला. ओल्या काँक्रीटमधले पाणी पिऊन बांबू फुगतो, वाळताना आकसतो आणि पकड सुटते. ही वाट आम्हाला आजही चुकीची वाटते.

खरी कोंडी फुटली सांध्यात. दोरीची बांधणी सैल पडते आणि नुसता बोल्ट घातला की पोकळ कांडे तंतूंच्या दिशेने उभे चिरते. कोलंबियाचे वास्तुविशारद सिमॉन वेलेझ यांनी बोल्टभोवतीचे कांडे सिमेंट-वाळूच्या मालाने भरले, त्यामुळे भार एका भोकावर न येता आतल्या गाठींवर पसरतो. यासाठी बांबू गाठीच्या थोडा पुढे कापावा लागतो. माल पातळ झाला तर तो आकसून आत खुळखुळतो. जर्मनीतील हॅनोव्हरच्या २००० च्या जागतिक प्रदर्शनातील त्यांच्या मंडपाला परवानगी मिळण्याआधी कोलंबियातील मानिसालेस येथे तसाच पूर्ण आकाराचा मंडप उभारून त्यावर भार-चाचण्या घ्याव्या लागल्या.

बांबूची चाचणी आणि आराखडा यांसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची मानके २००४ मध्ये आली. आराखड्याचे मानक २०२१ मध्ये सुधारले, तरी गोल बांबूच्या इमारतीला दोन मजले आणि ७ मीटर उंची ही मर्यादा आहेच.