ऑप्स, मॅथ, समरी: आरमधल्या मेथड-गटांची पार्श्वभूमी

सांख्यिकीसाठीच्या एस या प्रोग्रामिंग भाषेत क्लास (डेटाचा प्रकार) आणि मेथड (त्या प्रकारासाठी लिहिलेलं फंक्शनचं खास रूप) आले ते १९९२ साली, सांख्यिकी मॉडेलांवरच्या पांढऱ्या मुखपृष्ठाच्या पुस्तकासोबत. रिग्रेशनच्या निकालाला स्वतःचं प्रिंट आणि स्वतःचा प्लॉट असावा, ही तिथली मुख्य गरज होती. जेनेरिक फंक्शनांच्या, म्हणजे क्लास पाहून योग्य मेथड बोलावणाऱ्या फंक्शनांच्या, गटांची सोय त्याच पुस्तकाच्या परिशिष्टात सांगितली आहे. एसवर बेतलेल्या आर भाषेने ती जवळजवळ तशीच उचलली आणि आज आर वापरणारा प्रत्येक जण नकळत तिच्यावर विसंबून असतो.

हिशेब साधा आहे. अंकगणिताची सात चिन्हं, तुलनेची सहा आणि तर्काची तीन धरली, तर ऑप्स गटात १६ ऑपरेटर होतात. नव्या क्लाससाठी १६ मेथड लिहायच्या, तर त्यातल्या बहुतेक एकमेकींची नक्कल. त्याऐवजी गटाच्या नावाने एकच मेथड लिहायची. बोलावणं कोणत्या ऑपरेटरसाठी आलंय, ते आत डॉट-जेनेरिक या चलात मिळतं. फॅक्टरची (ठरावीक पर्यायांतली मूल्यं ठेवणाऱ्या क्लासची) मेथड अशीच चालते: चिन्ह समान किंवा असमानचं असेल तर तुलना करते, नाहीतर इशारा देऊन सगळीकडे एनए, म्हणजे 'मूल्य नाही' ही खूण, भरते. मॅथ गटात वर्गमूळ, घातांक, लॉगरिथम वगैरे येतात. समरी गटात बेरीज, गुणाकार, कमाल, किमान, रेंज, ऑल आणि एनी अशी सात फंक्शनं आहेत; समरी नावाच्या रोजच्या फंक्शनशी या गटाचा संबंध नाही. एखाद्या ऑपरेटरसाठी त्याच क्लासची स्वतंत्र मेथड असेल, तर तिला गटाच्या मेथडआधी मान मिळतो.

मॅथ आणि समरीबद्दल कुणाची फारशी तक्रार नाही, कारण तिथे मेथड पहिल्या आर्ग्युमेंटवरून, म्हणजे फंक्शनला दिलेल्या पहिल्या मूल्यावरून, ठरते. ऑप्समध्ये मात्र दोन बाजू असतात आणि दोन्हींना आपापला क्लास असू शकतो. जुन्या पद्धतीत, म्हणजे एस-तीनमध्ये, नियम असा: दोन्ही बाजूंची मेथड शोधायची. एकीकडेच सापडली तर ती वापरायची. दोन्हीकडे सापडली आणि दोन्ही तंतोतंत एकच असल्या, तरी अडचण नाही. पण वेगवेगळ्या सापडल्या, तर 'मेथड जुळत नाहीत' असा इशारा द्यायचा, दोन्ही बाजूला सारायच्या आणि आतली मूळ बेरीज चालवायची.

याचा परिणाम उदाहरणातच नीट दिसतो. समजा रुपये आणि डॉलर असे दोन क्लास केले आणि दोघांनाही आपापली ऑप्स मेथड दिली. १०० रुपयांत ५ डॉलर मिळवले की उत्तर येतं १०५. वर त्याचा क्लास रुपये, कारण दोन्ही बाजूंचे गुणधर्म उत्तरावर चिकटतात आणि तंटा झाला तर पहिल्याचे टिकतात. क्लास लिहिणाऱ्याने नेमकं हेच टळावं म्हणून मेथड लिहिलेली असते, आणि ती मेथड चालतच नाही. शेकडो ओळींच्या स्क्रिप्टमध्ये तो एक इशारा वाहून जातो. चुकीचा आकडा पुढच्या तक्त्यात जाऊन बसतो.

या नियमाच्या बाजूने एक वजनदार मुद्दा आहे. डावी बाजू नेहमी जिंकेल असं ठरवलं असतं, तर अ अधिक ब आणि ब अधिक अ यांना दोन वेगळ्या मेथड लागल्या असत्या. पक्षपात टाळला हे खरं. पण त्यासाठी काम तिथेच थांबवून एरर देता आली असती. इशारा देऊन उत्तरही देणं हा सर्वांत धोकादायक पर्याय होता, आणि तोच निवडला गेला. तो पुरेसा नाही हे घडवणाऱ्यांनाही जाणवलं असावं: तारखेत कालावधी मिळवताना हाच पेच येतो, म्हणून आरच्या सी भाषेतल्या गाभ्यात तारीख, वेळ आणि कालावधी यांच्यासाठी खास अपवाद लिहिलेला आहे. इतर क्लासना ती सवलत मिळाली नाही. मग काहींनी एकच फंक्शन दोन्ही क्लासच्या नावाने नोंदवायची युक्ती काढली, म्हणजे दोन्ही मेथड एकच ठरतात.

१९९८ मध्ये आलेल्या एस-चार या नव्या पद्धतीत हा पेच मुळातच वेगळा सुटला. तिथे दोन्ही आर्ग्युमेंटांच्या क्लासची जोडी पाहून मेथड ठरते. रुपये-डॉलर या जोडीसाठी थेट एररची मेथड लिहिता येते. ऑप्सच्या पोटात अरिथ, कंपेअर आणि लॉजिक असे उपगट झाले, राउंड आणि सिग्निफ या आकडे पूर्णांकित करणाऱ्या फंक्शनांसाठी मॅथ-टू हा गट आला. स्वतःचा नवा गट बनवायची मुभाही मिळाली, जी एस-तीनमध्ये नव्हती. आरमध्ये हे सगळं २००१ च्या डिसेंबरमध्ये, १.४.० आवृत्तीसोबत आलं. तरी पॅकेज लिहिणाऱ्यांपैकी अनेक जण एस-तीनवरच राहिले. औपचारिक व्याख्यांचा व्याप त्यांना नको होता.

म्हणून एस-तीनची डागडुजी करावीच लागली, आणि ती फार उशिरा झाली. एप्रिल २०२३ च्या ४.३.० आवृत्तीत मॅट्रिक्स-ऑप्स हा नवा गट आला आणि मॅट्रिक्स गुणाकाराचं %*% हे चिन्ह एस-तीन क्लासना खुलं झालं. एस-चारच्या क्लासना ते आधीपासून मिळत होतं. वर्षभराने ४.४.० मध्ये मॅट्रिक्स गुणाकाराचंच क्रॉसप्रॉड हे फंक्शनही तसंच जेनेरिक झालं. ४.३.० मध्येच चूज-ऑप्स-मेथड हे जेनेरिकही आलं. दोन मेथडांचा तंटा झाला की त्यातून दोन्ही बाजूंना आळीपाळीने विचारलं जातं: तुझी मेथड वापरू का? एक बाजू हो म्हणाली की तिची मेथड चालते. म्हणजे रुपये क्लासने आता हक्क सांगितला, तर त्याची मेथड डॉलर पाहून एरर देऊ शकते. ज्या क्लासने असा हक्क सांगणारी मेथड लिहिलेली नाही, त्याच्यासाठी १०५ हेच उत्तर कायम आहे.