गारा, पाणथळ, चिबड : ओल्या जमिनीच्या नावांची पार्श्वभूमी

खानदेशात पावसाळ्यातल्या चिखलाला ‘गारा’ म्हणतात. भिंतीसाठी तुडवलेली मातीही गाराच. हा वरचा ओलावा. चार उन्हं लागली की सुकतो. ‘चिखल’ प्राकृतातल्या ‘चिक्खल्ल’वरून आला. ‘पाणथळ’ म्हणजे पाण्याचं स्थळ, आणि पाय टाकताच खचते ती ‘दलदल’. हा शब्द हिंदीतही चालतो.

संस्कृतातला जुना शब्द ‘अनूप’. अनु आणि अप् (पाणी) मिळून खरं तर वेगळं रूप व्हायला हवं; पण अर्थ ‘प्रदेश’ असेल तर ‘ऊ’ होतो, असं सांगायला पाणिनीने ‘ऊदनोर्देशे’ हे स्वतंत्र सूत्रच दिलं. आयुर्वेदाने भूमीचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार केले. नाशिकच्या लेण्यातल्या गौतमी बलश्रीच्या शिलालेखात गौतमीपुत्र सातकर्णीच्या ताब्यातल्या प्रदेशांमध्येही अनूप येतो. तो नर्मदाकाठचा माहिष्मतीचा मुलूख, म्हणजे सातपुड्यापलीकडचा आपला शेजार.

शेतकऱ्याच्या कामाचा शब्द मात्र ‘चिबड’. चिबड जमीन वरून कोरडीही दिसू शकते. तिथे भूजल मुळांपर्यंत चढलेलं असतं, आणि जमीन वाफशावर, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही बेताची अशा स्थितीत, येतच नाही. केळीची मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात. पाणी कमी पडलं असं वाटून माणूस आणखी पाणी सोडतो. खात्री करायची तर दीड मीटर खड्डा खणून रात्रभर ठेवावा, सकाळी पाणी किती खाली आहे ते मोजावं. तळात पाणी जमलं तर निचरा हाच पहिला विचार.

पांझरा, मोसम नद्यांवरच्या जुन्या फड पद्धतीत ही काळजी रचनेतच होती. बंधाऱ्यातून पाणी चारीने फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, यायचं, एका फडात एकच पीक असायचं आणि जादा पाणी उताराने परत नाल्याला किंवा नदीला जायचं. गिरणा धरण १९६९ साली झालं, तापीवरचं हतनूर १९८२ साली. कालव्याचं पाणी पोहोचलं, पण तापीकाठच्या खोल काळ्या मातीत ते खाली मुरायला वेळ लागतो. पाझर आणि जादा पाणी देणं सुरू राहिलं की पातळी वर येते. केशाकर्षणाने, म्हणजे मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर ओढल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर, क्षार वर चढतात, पाणी उडून जातं आणि पांढरी खार उरते.

इथे शब्दांची गल्लत महागात पडते. ‘चिबड’ पाण्याचा दोष सांगतं, ‘खारवट’ विद्राव्य क्षारांचा, ‘चोपण’ सोडियमचा. खारवट जमिनीचा सामू (पीएच) साधारण ८.५ च्या आत असतो, चोपणचा त्याहून जास्त. जिप्सम चोपणसाठी. नुसत्या खारवट जमिनीला चर खणून चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढणं पुरतं. धैंचा हे हिरवळीचं खत पेरून दीड महिन्यात गाडलं तर दोन्हींकडे मदत होते. पण निचऱ्याआधी जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत. जिप्समने मातीतून सुटलेलं सोडियम धुऊन बाहेर न्यायला वाट लागते, ती नसेल तर ते तिथेच राहतं.

चर एक ते दीड मीटर खोल लागतो, आणि तळाचा उतार सलग हवा. मध्ये पोट पडलं की तिथेच गाळ साचतो. शिवाय त्याचं तोंड नाल्यापर्यंत न्यायला खालच्या शेतकऱ्याची संमती लागते. चिबड सुधारण्याचं काम बहुतेकदा तिथेच अडतं.