घंटेच्या पोटातला कोमल गांधार

तंबोरा चांगला जुळला की खर्जाच्या तारेतून न छेडता गांधार ऐकू येतो, आणि तो शुद्ध असतो. यालाच आपण स्वयंभू गांधार म्हणतो. मौलाबक्षांच्या हाताखाली १८८६ साली सुरू झालेल्या गायनशाळेपासून बडोद्यातले कान याच गांधारावर तयार झाले आहेत. काशाच्या घंटेतून निघतो तो मात्र कोमल, म्हणजे थोडा उतरलेला, गांधार. दांडिया बाजारातल्या आमच्या बैठकीत रविवारी खास कॅरिलॉनसाठी रचलेलं संगीत ऐकायचं आहे. त्याचा इतिहास माझ्या मते या एका फरकापाशी येऊन अडतो आणि तिथूनच सुटतो.

कॅरिलॉन म्हणजे मनोऱ्यात पक्क्या टांगलेल्या किमान २३ घंटा. घंटा हलत नाही. तारेला जोडलेला लोलक आतून आपटतो. वादक लाकडी दांड्यांवर सैल मुठी मारतो, जड घंटांसाठी पाय वापरतो. वाजलेला स्वर मध्येच थांबवण्याची सोय नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तर विसराच.

सतराव्या शतकात नेदरलँड्समधल्या याकोब व्हान आयक या अंध संगीतकाराने घंटेतले उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारे स्वर, कानाने वेगळे काढले: एक सप्तक खाली, एक सप्तक वर, पंचम आणि कोमल गांधार. घंटा ओतणाऱ्या हेमोनी बंधूंनी घंटेचा आतला धातू हवा तिथे तासून हे सगळे स्वर जुळवले. अशा सुरेल घंटांचं पहिलं कॅरिलॉन १६४४ साली झुटफेनला उभं राहिलं.

वाद्य सुरात आलं, पण त्याचं स्वतःचं संगीत कुठे होतं? अँटवर्पचे वादक दे ग्रायटर्स यांची १७४६ सालची वही आजही आहे. तिच्यात १९४ तुकडे, आणि बहुतेक सगळे इकडून तिकडून घेतलेले: नाचाच्या गती, कूच, लोकप्रिय गाणी. अपवाद ल्यूव्हेनच्या माथियास व्हान डेन घेन यांचा. त्यांची ११ प्रील्यूड्स, म्हणजे छोट्या स्वतंत्र रचना, आजही प्रत्येक वादकाच्या हातातून जातात.

पुढे घंटा जुळवण्याची विद्याच लोपली. ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पुन्हा सापडली. त्याच सुमारास मेखेलेनच्या येफ डेनाइन यांनी संध्याकाळच्या मैफली गाजवल्या आणि १९२२ साली कॅरिलॉनची शाळा काढली. लहान घंटांचा नाद लगेच विरतो, म्हणून ते मँडोलिनसारखा एकच स्वर भराभर घोळवत. लोकांना ते फार आवडलं. मला त्यात घंटेपेक्षा व्हायोलिनचा हव्यास जास्त दिसतो. रविवारी त्या शैलीचा एकच तुकडा ठेवला आहे.

खरी अडचण वेगळीच होती. सा, शुद्ध गांधार, पंचम एकत्र वाजवले की सा च्या घंटेतला कोमल गांधार शेजारच्या शुद्ध गांधाराशी भांडतो, आणि घंटा मोठी असेल तर भांडण फार वेळ चालतं. १९३० च्या दशकात अमेरिकेत सॅम्युअल बार्बरसारख्या, स्वतः कॅरिलॉनवादक नसलेल्या रचनाकारांनीही कॅरिलॉनसाठी लिहिलं. पण घंटेचं म्हणणं पुरतं मान्य केलं ते कॅन्सस विद्यापीठातल्या रॉय हॅमलिन जॉन्सन यांनी, १९५६ च्या ‘समर फॅनफेअर्स’मध्ये. त्यांनी वापरलेली आठ स्वरांची पट्टी आपल्या भाषेत मांडून बघा: सा, रे, कोमल ग, म, तीव्र म, कोमल ध, शुद्ध ध, नी. कुठल्याही स्वरावरून त्याचा कोमल गांधार मोजा, तो याच आठांत सापडतो. म्हणजे घंटेच्या पोटातून जे निघतं ते रचनेबाहेर जातच नाही. दोन मध्यम आणि पंचम गायब म्हटल्यावर कुणाला राग ललत आठवेल, पण रिषभ आणि गांधाराशी येताच ते साम्य संपतं.

१९८५ साली डच ओतशाळा आइसबाउट्स हिने संगणकाच्या मदतीने आकार बदलून शुद्ध गांधाराची घंटाही बनवून दाखवली. तिच्यावर कॅरिलॉन झाले, पण मनोऱ्यांमध्ये बहुतांशी जुन्याच घंटा राहिल्या, आणि नव्या रचनाही त्यांच्यासाठीच होत आहेत.