सिकलसेल आजारातील यकृत फायब्रोसिसची बायोप्सीविना तपासणी

सिकलसेल या तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजारातील रुग्णाच्या यकृतात फायब्रोसिस, म्हणजे व्रणासारखी तंतुमय ऊती, किती साठली आहे हे बायोप्सी न करता, म्हणजे सुईने यकृताचा तुकडा न काढता, ठरवण्याच्या पद्धती. रक्तचाचण्यांवरून काढलेले निर्देशांक, यकृताचा घट्टपणा मोजणारे फायब्रोस्कॅन आणि एमआरआय या त्यांतल्या मुख्य.

या आजारात यकृताला चहूबाजूंनी मार बसतो. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, वारंवार रक्त चढवल्याने लोह साठते, पित्तखडे होतात, कधी रक्तावाटे हिपॅटायटिस बी किंवा सी आलेला असतो. बायोप्सी इथे जोखमीची ठरते, विशेषतः क्रायसिसमध्ये, म्हणजे या अडकलेल्या पेशींमुळे अचानक तीव्र वेदना उठतात तेव्हा. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात बायोप्सी केलेल्या 14 रुग्णांपैकी 5 जणांना गंभीर रक्तस्राव झाला आणि 4 दगावले.

फायब्रोस्कॅनसाठी रुग्णाने किमान तीन तास उपाशी राहायचे. उताणे झोपून उजवा हात डोक्यामागे घेतला की फासळ्यांच्या मधल्या जागेत जेल लावून प्रोब टेकवतात. प्रत्येक मापनाला त्वचेवर हलका ठोका जाणवतो, दुखत नाही. ठोक्याने उठलेली 50 हर्ट्झची लहर घट्ट यकृतातून वेगाने जाते, त्या वेगावरून घट्टपणा किलोपास्कल या एककात निघतो. दहा योग्य मापनांचा मध्यक धरतात.

आकडा वाचताना मात्र सावध राहावे लागते. घट्टपणा केवळ तंतूंमुळे वाढत नाही. क्रायसिसमध्ये यकृतात रक्त तुंबले, सूज आली, तरी तो चढतो आणि नंतर उतरतो. त्यामुळे मापन रुग्ण स्थिर असताना, वेदना शमल्यावर करावे. इतर यकृतविकारांसाठी ठरलेल्या मर्यादाही इथे जशाच्या तशा लावू नयेत.

एपीआरआय आणि फिब-4 हे रक्तचाचण्यांवरून काढायचे निर्देशांक स्वस्त, पण सिकलसेलमध्ये दगा देणारे. दोन्हींत एएसटी हे यकृतात आणि तांबड्या पेशींतही असणारे विकर (एन्झाइम) आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, यांचे आकडे लागतात. तांबड्या पेशी फुटल्या की यकृत धडधाकट असूनही एएसटी वाढते. प्लीहा निकामी झाली तर प्लेटलेट वाढून आकडा खोटा दिलासा देतो. भारतीय रुग्णांत बऱ्याचदा दिसते तशी प्लीहा मोठी राहिली, तर प्लेटलेट घटून आकडा फुगतो. लोह किती साठले हे एमआरआयवर चांगले कळते, मात्र लोह फार असेल तर एमआरआयने घट्टपणा मोजताना संकेत हरवू शकतो.

विदर्भ किंवा नंदुरबारच्या मानाने सातारा-सांगलीत सिकलसेल विरळ, म्हणून तो चटकन मनात येत नाही. डोळे पिवळे दिसले की आधी काविळीचे झाडपाल्याचे औषध होते, त्यात वेळ जातो. जत, आटपाडीकडचे रुग्ण बहुधा दुखणे असह्य झाल्यावरच मिरज गाठतात. 1894 साली डॉ. वॉनलेस यांनी मिशन रुग्णालय उभारल्यापासून या भागाचा आधार तेच गाव. पण यकृत मोजायला दुखणे असह्य झाल्याची नेमकी तीच वेळ चुकीची. म्हणून घरी सोडताना कार्डावर पुढच्या मापनाची तारीख लिहून द्यावी, आणि आधीच्या मापनावेळी रुग्णाला वेदना होत्या की नव्हत्या हेही त्यावर नोंदवावे.