कादंबरीवाचन

कादंबरीतील गोष्टीबरोबरच ती कोण सांगतो आहे, किती सांगतो आहे आणि काय हातचे राखतो आहे याकडे लक्ष देत केलेले वाचन. कथा एका बैठकीत संपते. कादंबरी अनेक दिवस सोबत असते. मध्ये खंड पडतो, नावे विसरतात, आधीच्या प्रकरणातला धागा सुटतो. तिच्या वाचनाच्या बहुतेक अडचणी या लांबीतून येतात, आणि आनंदही बराचसा त्यातूनच येतो.

लक्ष द्यायचे ते सर्वांत आधी निवेदकाकडे. निवेदक म्हणजे लेखक नव्हे, हे मान्य सगळेच करतात, पण वाचण्याच्या ओघात विसरतातही सगळेच. ‘मी’ म्हणून बोलणारा निवेदक स्वतःला सोयीचे तेवढेच सांगत असेल किंवा वयाने, भाबडेपणाने, अहंकाराने त्याला बरेच काही दिसतही नसेल. अशा निवेदकासाठी ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये रूढ केली.

तृतीयपुरुषी निवेदनात हा प्रश्न अधिक छुपा असतो. पुढील ओळी पाहा : ‘सुधाने दार उघडले. दारात मोठा भाऊ उभा होता. म्हणजे आता तासभर जुनी गाऱ्हाणी ऐकायची, आणि शेवटी पैशांचा विषय निघायचाच.’ पहिली दोन वाक्ये निवेदकाची आहेत. तिसरे सुधाच्या मनातले आहे. मात्र ‘असे तिला वाटले’ हे शब्द नाहीत, अवतरणचिन्हेही नाहीत. हे वाक्य निवेदकाचा निर्वाळा म्हणून वाचले की भाऊ कायमचा रडगाणे गाणारा आणि पैसे मागणारा ठरतो. तो सुधाचा वैताग आहे हे लक्षात आले, तर भाऊ खरोखर कसा आहे हा प्रश्न उघडा राहतो आणि पुढची प्रकरणे वाचण्यात रस वाढतो. ‘कोण बोलतो’ आणि ‘कोण पाहतो’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत, असे फ्रेंच अभ्यासक झेरार झनेत यांनी १९७२ मध्ये मांडले ते याच कारणासाठी. श्राव्य पुस्तकात वाचणाऱ्याच्या आवाजाचा कल अशा वाक्याचा निकाल परस्पर लावून टाकतो. ऐकण्याची सोय मोठी असली, तरी तिची ही किंमत आहे.

दुसरी गोष्ट गतीची. दहा वर्षे एका ओळीत उरकणारी कादंबरी एखाद्या संध्याकाळला तीस पाने देते. ती जिथे रेंगाळते तिथे वाचकानेही रेंगाळावे. वर्णने गाळून पुढे जाणारे वाचक पुष्कळ असतात आणि त्यात गुन्हा काही नाही. पण चांगल्या कादंबरीत खोलीचे वर्णन बहुधा ती पाहणाऱ्या माणसाबद्दल बोलत असते. जे सांगितलेच नाही तेही वाचायचे असते. या रिकाम्या जागा वाचक भरतो, आणि साहित्यकृतीचा अर्थ त्यातून घडतो, असे जर्मन अभ्यासक वोल्फगांग इझर यांचे प्रतिपादन आहे. एकोणिसाव्या शतकात अनेक कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने छापल्या जात, त्यामुळे अंदाज बांधायला वाचकाला आपोआप सवड मिळे. आज ती सवड स्वतःच काढावी लागते.

व्यवहारात फार साधनांची गरज नसते. सुरुवातीची तीस-चाळीस पाने सलग वाचली की भाषेचा सूर कानात बसतो. पात्रे फार असतील तर नावे आणि नाती एका कागदावर लिहून ठेवावीत. समासात पेन्सिलीने केलेली खूण पुरते; प्रत्येक पानावर टिपणे काढू लागले की वाचन अभ्यासक्रमासारखे वाटू लागते. अभ्यासपूर्ण प्रस्तावना शेवटी वाचावी, कारण ती शेवट फोडायला कचरत नाही.

पुनर्वाचनात ‘पुढे काय’ची घाई उरत नाही, आणि पहिल्या प्रकरणातले एखादे सहज वाटलेले वाक्य लेखकाने किती जाणूनबुजून ठेवले होते ते कळते. मात्र प्रत्येक कादंबरी दुसऱ्यांदा वाचण्याजोगी नसते. काही तर पहिल्यांदाही पुरी करण्याजोग्या नसतात. शंभर पानांनंतरही मन रमत नसेल तर पुस्तक मिटून ठेवावे. तेच पुस्तक काही वर्षांनी सहज वाचून होते, असा अनुभव अनेक वाचकांना येतो.